संगणक-नियंत्रित लेथवर आटे कापणे

संगणक-नियंत्रित लेथवर आटे कापणे ही धातुकामातील एक यंत्रण प्रक्रिया होय. या प्रक्रियेत लेथच्या चकमध्ये पकडलेला दंडगोल स्वतःभोवती फिरत असताना, आट्याच्या आकाराची धार असलेले हत्यार त्याच्या अक्षाला समांतर सरकते व पृष्ठभागावर मळसूत्री खाच कापते. दंडगोलाचा एक फेरा पूर्ण होत असताना हत्यार जेवढे पुढे सरकते, तेवढे अंतर त्या आट्याला लाभते. पूर्ण खोलीची खाच एका दमात कापता येत नाही. हत्यार पुन्हा पुन्हा आरंभस्थानी परत येते आणि प्रत्येक वेळी किंचित अधिक खोल कापते. प्रत्येक काप आधीच्याच खाचेत तंतोतंत पडावा लागतो. या प्रक्रियेतील जवळजवळ सर्व नियम, पथ्ये आणि गणिते या एका अटीतून निर्माण झाली आहेत.

संज्ञा

मराठीत स्क्रूला पूर्वी मळसूत्र म्हणत. 'आटे' हा शब्द आजही घरोघरी चालतो. प्रवासात पाणी नेण्यासाठी वापरला जाणारा फिरकीचा तांब्या ज्यांनी हाताळला आहे, त्यांना आट्यांची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. झाकण 'आट्यात बसले' की नाही हे हाताला आपोआप कळते. लगतच्या दोन आट्यांवरील समान बिंदूंमधील अक्षीय अंतरास पिच म्हणतात. एका फेऱ्यात नट जेवढा पुढे जातो ते अंतर म्हणजे लीड. आटा एकपदरी असेल तर पिच व लीड समान असतात. दुपदरी आट्यात लीड पिचच्या दुप्पट असते. आट्याच्या उंच भागास माथा, खोल भागास तळ आणि दोहोंना जोडणाऱ्या उतारांस बाजू असे म्हटले जाते. लेथवर जी वस्तू कातली जाते तिला कारखान्यात 'जॉब' म्हणतात. हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याच्या जागी 'कार्यखंड' वापरल्यास यंत्रावरील कामगारालाच अर्थ विचारावा लागेल. म्हणून या लेखातही जॉब हाच शब्द ठेवला आहे.

पार्श्वभूमी

इंग्रज यंत्रकार हेन्री मॉडस्ली याने १८०० च्या सुमारास आटे कापण्याचा लेथ सिद्ध केला. त्यात अचूक लीड स्क्रू, हत्यार धरणारी सरकती बैठक आणि बदलता येणारी दंतचक्रे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ५५ अंश कोनाच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा आटा मांडला. आजच्या आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशच आहे. भारतात त्यासाठी आयएस ४२१८ हे मानक आहे.

साध्या लेथवर स्पिंडलचे फिरणे दंतचक्रांच्या साखळीतून लीड स्क्रूपर्यंत पोहोचते. कोणता पिच हवा त्यानुसार चक्रे बदलावी लागतात. इंची लीड स्क्रूच्या लेथवर मेट्रिक आटा अचूक कापायचा असेल, तर १२७ दात्यांचे चक्र लागते. कारण १ इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि २५.४ ला पाचाने गुणले की १२७ ही पूर्ण संख्या मिळते. शिवाय अशा वेळी हाफ नट उघडून चालत नाही. तो उघडला तर हत्यार पुन्हा नेमक्या त्याच खाचेत येईल याची शाश्वती राहत नाही, म्हणून संपूर्ण यंत्र उलटे फिरवून मागे आणावे लागते. आपल्याकडील अनेक पिढ्यांचे टर्नर याच रीतीने घडले. १९४१ साली हरिहर येथे सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचे लेथ देशभरातील कर्मशाळांत व प्रशिक्षण संस्थांत वापरले गेले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्नरचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आजही प्रथम साध्या लेथवर आटे कापावे लागतात. हा क्रम योग्यच म्हणावा लागेल, कारण संगणक-नियंत्रित यंत्रात दंतचक्रे दिसेनाशी होतात, परंतु त्यांचे काम संपलेले नसते.

समकालन

संगणक-नियंत्रित लेथमध्ये स्पिंडल आणि हत्याराची बैठक यांच्यात कोणताही यांत्रिक दुवा नसतो. स्पिंडलला स्वतंत्र मोटर असते. बैठक बॉल स्क्रूवर बसवलेली असते आणि तो स्क्रू सर्व्हो मोटर फिरवते. या दोहोंना जोडणारी वस्तू म्हणजे स्पिंडलवरील एन्कोडर. स्पिंडल फिरताना एन्कोडर ठरावीक संख्येने विद्युत्‌स्पंद पाठवतो. एका फेऱ्यात ४०९६ स्पंद मोजले जात असतील, तर एक स्पंद सुमारे ०.०८८ अंशांचा होतो. याखेरीज प्रत्येक फेऱ्यात एकदाच येणारा एक वेगळा खुणेचा स्पंद असतो. आटे कापताना तो सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

हत्यार आरंभस्थानी येऊन थांबते. नियंत्रक खुणेच्या स्पंदाची वाट पाहतो. तो येताच, किंवा त्यापासून ठरवून दिलेल्या कोनावर, बैठक निघते; आणि मग स्पिंडल जेवढे फिरेल त्या प्रमाणातच हत्यार पुढे जाते. पुढच्या कापासाठी हत्यार मागे येते, तेव्हा स्पिंडल न थांबता फिरतच असते, किती फेरे झाले याचीही पर्वा नसते. पुन्हा खुणेचा स्पंद, पुन्हा प्रयाण. जॉबवरचा जो बिंदू पहिल्या कापाच्या वेळी हत्यारासमोर होता, तोच दुसऱ्या कापाच्या वेळीही असतो. साध्या लेथवर हाफ नट आणि आटेदर्शक तबकडी पाहत टर्नर ज्या क्षणाची वाट पाहत असे, तोच हा क्षण.

या अचूकतेची कल्पना एका उदाहरणाने येईल. २० मिमी व्यासाचा, २.५ मिमी पिचचा आटा मिनिटाला १००० फेऱ्यांवर कापायचा आहे. तेव्हा स्पिंडलचा एक फेरा ०.०६ सेकंदात होतो आणि हत्यार मिनिटाला २५०० मिमी, म्हणजे सेकंदाला जवळपास ४२ मिमी सरकते. हत्यार एक सहस्रांश सेकंद उशिरा निघाले, तर तेवढ्यात जॉब ६ अंश फिरलेला असतो आणि काप खाचेच्या मध्यापासून सुमारे ०.०४ मिमी बाजूला पडतो. हा फरक डोळ्यांना दिसणार नाही, परंतु तो प्रत्येक कापात वेगवेगळा झाला तर आट्याच्या बाजू खडबडीत होतील व खाच रुंदावेल.

स्थिर फेरे का हवेत

येथे एक बारकावा आहे. सर्व्हो मोटर नियंत्रकाची आज्ञा पाळते, पण नेहमी थोडी मागे राहून. हा मागे राहण्याचा काळ ०.०३३ सेकंद धरला, तर वरील उदाहरणात हत्यार आपल्या अपेक्षित जागेपासून सुमारे १.४ मिमी मागे असते. ही चूक मोठी वाटते, पण ती निरुपद्रवी आहे. कारण प्रत्येक कापात हत्यार तेवढेच मागे राहते आणि सगळे काप एकमेकांवर बरोबर बसतात. आता निम्मे काप झाल्यावर यंत्रचालकाने फेरे १००० वरून ६०० वर आणले असे समजू. सरकण्याचा वेग सेकंदाला २५ मिमी झाला व मागे राहण्याचे अंतर ०.८ मिमीच्या आसपास आले. नवे काप जुन्या खाचेपासून अर्धा मिलिमीटरहून अधिक सरकून पडू लागतात. म्हणजे पिचच्या पाचव्या हिश्शाहूनही जास्त. आटा तिथेच बाद होतो, आणि पुष्कळदा हत्याराचे टोकही तुटते. नव्या नियंत्रकांत या विलंबाची भरपाई करण्याच्या सोयी असल्या, तरी त्यांच्या भरवशावर मध्येच फेरे बदलणे शहाणपणाचे नाही.

याच कारणाने आटे कापताना फेऱ्यांची संख्या स्थिर ठेवणारी आज्ञा, म्हणजे जी ९७, द्यावी लागते. कातकामात सोयीची असणारी स्थिर पृष्ठवेगाची आज्ञा, जी ९६, येथे घातक ठरते. कारण हत्यार जसजसे आत जाते तसतसा व्यास कमी होतो आणि यंत्र आपण होऊन फेरे वाढवते. काप चालू असताना सरकण्याचा वेग कमी-जास्त करणारी कळ बहुतेक नियंत्रकांवर निष्प्रभ होते. थांबण्याची कळ दाबली तरी हत्यार खाचेत थांबत नाही. काप पुरा करून वा खाचेतून सुरक्षित बाहेर येऊनच थांबते. नवख्या चालकाला यंत्र ऐकत नाही असे वाटते. वास्तविक ते आटा आणि हत्यार दोन्ही वाचवत असते.

हत्याराला पूर्ण वेग घेण्यासाठी आट्याच्या तोंडापासून काही अंतर मोकळे ठेवावे लागते. वेग वाढत असताना हत्यार धातूला लागले, तर पहिल्या एक-दोन आट्यांचा पिच कमी भरतो आणि नट तोंडाशीच अडतो. किमान दोन ते तीन पिच एवढे अंतर ठेवण्याची पद्धत आहे. फेरे व पिच यांचा गुणाकार मोठा असेल तर ते वाढवावे. शेवटी थांबण्यासाठीही जागा लागते. जॉबला खांदा असेल तर त्याच्या आधी एक अरुंद खोबण कापून ठेवतात, म्हणजे हत्यार मोकळ्या जागेत येऊन थांबते.

मापांचे गणित

एम २० × २.५ हाच आटा पुढे घेऊ. मेट्रिक बाह्य आट्याची खोली पिचच्या ०.६१३४ पट असते. येथे ती १.५३३ मिमी येते. तळाचा व्यास म्हणून २० मधून खोलीची दुप्पट वजा करून १६.९३ मिमी मिळतो. पिच व्यास, म्हणजे जेथे आटा आणि खाच यांची रुंदी समान होते तेथील व्यास, १८.३७६ मिमी. हा मूळ आकार झाला. प्रत्यक्षात बोल्ट नटमध्ये सहज शिरावा म्हणून तो थोडा लहान ठेवतात. ६ जी या प्रचलित श्रेणीत या आट्याचा पिच व्यास १८.१६४ ते १८.३३४ मिमी आणि बाह्य व्यास १९.६२३ ते १९.९५८ मिमी या मर्यादांत असावा लागतो. म्हणून आटे कापण्यापूर्वी दंडगोल बरोबर २० मिमी न ठेवता किंचित कमी, उदाहरणार्थ १९.८५ मिमी, कातून घेतात.

खोलीची विभागणी

१.५३ मिमी खोली समान कापांत विभागणे ही विद्यार्थ्यांची हमखास होणारी चूक. आट्याची खाच त्रिकोणी आहे. हत्यार जितके खोल जाते तितकी त्याच्या धारेची अधिकाधिक लांबी धातूत रुतते. त्रिकोणाचे क्षेत्रफळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे समान खोलीचे काप घेतले, तर पहिल्या कापात थोडा आणि शेवटच्या कापांत पुष्कळ धातू निघतो, नेमका जेव्हा टोकावर सर्वाधिक ताण असतो तेव्हा. प्रत्येक कापात समान क्षेत्रफळाचा धातू काढायचा असेल, तर एकूण खोली कापांच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढली पाहिजे. पहिला काप ०.४० मिमी घेतला, तर दुसऱ्या कापाअखेर खोली ०.५७, तिसऱ्याअखेर ०.६९ आणि चौथ्याअखेर ०.८० मिमी होते. चार कापांत अर्ध्याहून अधिक खोली गाठली जाते. उरलेल्या भागासाठी मात्र आणखी सुमारे ११ काप लागतात. पंधराव्या कापाच्या वेळी हत्यार जेमतेम काही शतांश मिलिमीटर आत जात असते. काप याहूनही पातळ झाला तर धार कापण्याऐवजी घासू लागते. म्हणून नियंत्रकाला किमान कापाची मर्यादाही सांगावी लागते.

हत्यार कोणत्या दिशेने आत न्यायचे हाही प्रश्न आहे. सरळ अक्षाकडे नेले तर धारेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कापतात, दोन्हींकडून येणारा कीस मध्ये एकमेकांवर आदळतो आणि मोठ्या पिचच्या आट्यात जॉब थरथरू लागतो. आट्याच्या बाजूला समांतर, ३० अंशांच्या तिरप्या रेषेत नेले तर एकच बाजू कापते व कीस मोकळा बाहेर पडतो. पण मागची बाजू न कापता घासत राहते. कोन ३० पेक्षा थोडा कमी ठेवला, म्हणजे मागच्या बाजूलाही नाममात्र कापू दिले, की हा दोष जातो. लहान पिचच्या आट्यांना सरळ पद्धत पुरते; दोन मिमी वा त्याहून मोठ्या पिचला तिरपी पद्धत निवडावी.

हत्यार

हल्ली आटे बहुधा टंगस्टन कार्बाइडच्या बदलता येणाऱ्या इन्सर्टने कापतात. काही इन्सर्टवर केवळ ६० अंशांचे टोक असते; ते अनेक पिचना चालते, मात्र माथा कापत नाही. पूर्ण आकाराचा इन्सर्ट एकाच पिचसाठी असतो. तो माथ्यालाही आकार देतो व कडेचे बारीक काटे शिल्लक ठेवत नाही. एकाच मापाचे शेकडो नग काढायचे असतील तर दुसरा प्रकार किफायतशीर पडतो. इन्सर्टखालची बैठक आट्याच्या तिरकेपणाएवढी कललेली असावी लागते. वरील उदाहरणात हा कल सुमारे २.५ अंश येतो. हत्याराचे टोक अक्षाच्या उंचीवर नसेल, तर आट्याचा कोन बिघडतो.

आज्ञावली

फानुक पद्धतीच्या नियंत्रकांवर आटे कापण्याच्या तीन आज्ञा मुख्य आहेत. जी ३२ एकच काप घेते. येणे-जाणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतंत्र लिहायचे. जी ९२ मध्ये येणे-जाणे अंतर्भूत आहे, पण प्रत्येक कापाचा व्यास सांगावा लागतो. जी ७६ मात्र सर्व कापांची विभागणी स्वतः करते. यंत्रावर ही अक्षरे रोमन लिपीत टंकित होतात. येथे ती नागरीत दिली आहेत.

जी ९७ एस १००० एम ०३
जी ०० एक्स २४.० झेड ७.५
जी ७६ पी ०१००६० क्यू ५० आर ०.०५
जी ७६ एक्स १६.९३ झेड -४०.० पी १५३३ क्यू ४०० एफ २.५

पहिली ओळ स्थिर १००० फेरे मागते. दुसरी हत्याराला आट्याच्या तोंडापासून ७.५ मिमी, म्हणजे तीन पिच अलीकडे आणते. तिसऱ्या ओळीतील पी नंतरच्या सहा अंकांच्या तीन जोड्या आहेत: अखेरचा सफाईचा काप एकदा, शेवटी तिरपे बाहेर येणे शून्य, आणि आट्याचा कोन ६० अंश. क्यू म्हणजे किमान काप ०.०५ मिमी, आर म्हणजे सफाईसाठी राखलेला ०.०५ मिमी थर. चौथ्या ओळीत तळव्यास, आट्याचा शेवट, पूर्ण खोली, पहिल्या कापाची खोली आणि लीड आले. तिरपे बाहेर येणे शून्य असल्यामुळे झेड उणे ४० पाशी खोबण असणे आवश्यक आहे. मागची बाजू घासू नये म्हणून काही अनुभवी लोक ६० च्या जागी मुद्दाम ५५ लिहितात, म्हणजे हत्यार २७.५ अंशांनी आत जाते. आट्याचा कोन इन्सर्टच्या आकाराने ठरत असल्यामुळे तो ६० अंशच राहतो.

या ओळींतील एक सापळा सांगितला पाहिजे. एक्स, झेड आणि एफ मिलिमीटरमध्ये व दशांशचिन्हासह लिहायचे, पण जी ७६ मधील पी आणि क्यू दशांशचिन्हाविना, सहस्रांश मिलिमीटरमध्ये. शिवाय एक्स व्यास दाखवतो, तर पी व क्यू एका बाजूची खोली. उलट झेड -४० यातील दशांशचिन्ह विसरले, तर काही यंत्रे ते अंतर ०.०४ मिमी असे वाचतात. म्हणूनच पहिला जॉब काढण्याआधी हत्यार जॉबपासून दूर ठेवून संपूर्ण चक्र हवेतच चालवून पाहण्याची रीत आहे.

अन्य प्रकार

स्पिंडलची दिशा किंवा हत्याराच्या सरकण्याची दिशा यांपैकी एकच उलटली, की डावा आटा मिळतो. दोन्ही उलटल्या तर आटा पुन्हा उजवाच. सायकलच्या डाव्या पेडलला डावे आटे असतात. दुपदरी आट्यासाठी लीड दुप्पट लिहून पहिली खाच पूर्ण करतात आणि दुसरी खाच खुणेच्या स्पंदापासून १८० अंशांनी सुरू करतात. साध्या लेथवर यासाठी दंतचक्राचे दाते मोजून हलवावे लागत. पाइपाच्या निमुळत्या आट्यांत दर १६ मिमीला व्यास १ मिमीने बदलतो. तेथे हत्यार दोन्ही अक्षांवर एकाच वेळी चालते.

तपासणी

जॉब चकमधून सोडण्यापूर्वीच आटा तपासावा. रिंग गेजच्या जोडीपैकी 'गो' गेज हाताने सहज पूर्ण लांबी चढला पाहिजे. 'नो-गो' दोन फेऱ्यांपलीकडे जाता कामा नये. पिच व्यास मोजायचा असल्यास तीन तारांची पद्धत वापरतात. २.५ मिमी पिचसाठी सुमारे १.४४ मिमी जाडीच्या तीन सारख्या तारा खाचांत ठेवून त्यांवरून मायक्रोमीटरने माप घेतले, तर वरील आट्यासाठी ते २०.३३ ते २०.५० मिमी यांदरम्यान यायला हवे. गेज चढत नसेल तर यंत्रावर हत्याराचा ऑफसेट तेवढ्या व्यासाने कमी करून, फेऱ्यांची संख्या न बदलता, तेच चक्र पुन्हा चालवतात. काप जुन्याच खाचेत पडतो.

जॉब एकदा सुटला की ही सोय संपते. पुन्हा पकडताना तो कोणत्या कोनात बसेल हे सांगता येत नाही, आणि खुणेचा स्पंद व खाच यांचे नाते तुटते. दुरुस्तीच्या कामात जुना आटा सापडवून कापता येतो: स्पिंडल थांबवून हत्याराचे टोक हाताने खाचेत बसवायचे, त्या स्थितीतील स्पिंडलचा कोन व झेडचे अंक टिपायचे आणि आरंभाचा कोन त्यानुसार द्यायचा. काही नियंत्रकांत यासाठी स्वतंत्र सोय असते. पण एका बोल्टासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा बोल्ट काढणे बहुधा स्वस्त पडते. मोठ्या व महागड्या शाफ्टच्या बाबतीत मात्र तासभर घालवून खाच शोधणे हाच एकमेव मार्ग असतो.